वाल सोलायला बसलेले घर

नौपाडेकर
श्रावणातला पहिला सोमवार, रात्री

आज संध्याकाळी आमच्या घरी सोमवार सोडायला वालाचे बिरडे होते. त्यात नवल काहीच नाही. ठाण्यात आणि खाडीपलीकडे कितीतरी घरांत आज हाच बेत असेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत प्रथमच हे वाल आम्ही घरी सोलले, आणि त्या दीड तासात जे घडले ते उद्यापर्यंत विरून जाऊ नये म्हणून रात्रीच लिहायला बसलो आहे.

आमचे जुने बिऱ्हाड नौपाड्यात होते. दोन खोल्या, मागच्या अंगाला एक लांबट पडवी आणि राहणारी माणसे सात. श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस असे. दुपारी घरी आलो की आम्हा भावंडांना साबुदाण्याची खिचडी मिळे. मोठ्यांचा उपास मात्र दिवेलागणीलाच सुटायचा. आई शनिवारी रात्री वाल भिजत घालायची, रविवारी सकाळी ते उपसून बाबांच्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायची आणि ते गाठोडे पातेल्यात झाकून ठेवायची. सोमवारी दुपारी गाठ सोडली की दाण्यादाण्याला पांढरा, बाकदार मोड आलेला असे. मग ते वाल कोमट पाण्यात पडत, पडवीत पितळेची परात मांडली जाई आणि तिच्याभोवती आजी, आई, आत्या, बहीण आणि मी असे बसत असू. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. ते चारच्या सुमारास येत, हातपाय धुऊन चहा घेत आणि तेही परातीशी येऊन बसत.

ज्यांनी वाल कधी सोललेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. भिजलेल्या वालाचे तपकिरी साल सैल झालेले असते. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून बेताने दाबला की आतली डाळिंबी अलगद निसटून बाहेर येते. दाब कमी पडला तर साल सुटत नाही आणि जास्त झाला तर डाळिंबीची दोन दले वेगळी होतात; फुटलेली डाळिंबी पानात शोभत नाही, असे आजीचे ठाम मत होते. कधी जोर चुकला तर डाळिंबी हातातून उडून थेट समोरच्याच्या मांडीवर पडायची. अर्ध्या तासात बोटांची टोके सुरकुतत, नखांखाली साल अडके आणि हाताला वालाचा तो उग्र, किंचित कडवट वास लागे, जो साबणाने हात धुतले तरी दुसऱ्या दिवशी शाळेत वही उघडेपर्यंत सोबत करी. मधूनच एखादा दाणा न भिजता खड्यासारखा टणक राहिलेला सापडे. आजी त्याला कुचर म्हणे आणि तो वेगळ्या वाटीत टाकायला लावी. त्या वाटीतल्या दाण्यांचे पुढे काय होई, ते मात्र मला आठवत नाही.

त्या पडवीविषयी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. वाल सोलताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. डोळे परातीवर असतात, हात गुंतलेले असतात आणि ढीग संपेपर्यंत कोणाला उठायचे नसते. त्यामुळे एरवी जे बोलायला जीभ रेटत नाही, ते तिथे सहज बोलले जाई. सांगून आलेले एक स्थळ आपल्याला पसंत नाही, हे आत्याने आजीला प्रथम परातीशी सांगितले. घटक चाचणीत मी गणितात नापास झालो, हे बाबांना मी तिथेच सांगितले. बाबांनी मान वर केली नाही. चार-पाच दाणे सोलले आणि म्हणाले, "उद्यापासून पहाटे माझ्याबरोबर उठायचे." एवढेच. पुढचे वर्षभर ते कामावर जाण्याआधी साडेचार ते साडेपाच मला गणित शिकवत होते.

पुढे मी नोकरीला लागलो, बाबा गेले, नौपाड्यातली इमारत पुनर्बांधणीला गेली आणि आम्ही घोडबंदर रस्त्यावर अकराव्या मजल्यावर राहायला आलो. जांभळी नाक्यावर सोललेल्या डाळिंब्या मिळतात, त्या आणू लागलो. त्यांच्यात खोट काढण्यासारखे काही नाही. त्या निगुतीने सोललेल्या असतात आणि सोलणाऱ्या बाईंचे घर त्यावर चालते. या वर्षी मात्र आईनेच आग्रह धरला की न सोललेले कडवे वाल आण.

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या बोटांची पेरे सुजतात. आज चार वाजता ती हॉलच्या मधोमध परात घेऊन बसली. मी रजेवर होतो, तिच्याशेजारी बसलो. पत्नी घरून काम करत होती, तीही लॅपटॉप मिटून आली. बारावीतला मुलगा पाणी प्यायला बाहेर आला, दोन मिनिटे उभा राहिला आणि काही न बोलता खाली बसला. पहिले दहा-पंधरा दाणे त्याने फोडले. आईने त्याच्या चिमटीवर आपली चिमूट धरून दाब किती द्यायचा ते दाखवले. मग हळूहळू त्याचा हात बसला आणि तो बोलू लागला. मोठे असे काहीच नाही. कॉलेजातून येताना तो थेट घरी येत नाही. ठाणे स्टेशनवरून तलावपाळीला जातो, मासुंदा तलावाच्या कठड्याशी दहा मिनिटे पाण्याकडे पाहत बसतो आणि मग घोडबंदरची बस पकडतो. हे तो गेले वर्षभर करत होता आणि आम्हाला ठाऊक नव्हते. आई हातातला दाणा तसाच ठेवून म्हणाली, "मीही बसायचे तिथे. कौपिनेश्वराचे दर्शन घेऊन चरईला घरी जाताना. माझे लग्न ठरले त्या संध्याकाळीसुद्धा बसले होते."

मी बावन्न वर्षांचा आहे. हे मी आज प्रथम ऐकले.

तुमच्या घरी असे कोणते काम होते, की जे करायला सगळे घर एका ठिकाणी बसत असे? आणि ते आता कोणी पुन्हा सुरू केले आहे का?

वाशीकर
मंगळवार, सकाळी

आमच्याकडे वालांऐवजी मटार होता. भाजीपाल्याचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला आला, त्यानंतर वडील तिथल्या एका गाळ्यावर हिशेब लिहायला होते. जानेवारीत भाव उतरले की ते मटाराची अख्खी गोणी रिक्षात घालून आणत आणि ती आमच्या रांगेतल्या चार घरांत वाटून घेतली जाई. सिडकोची बैठी, छोटी घरे. आतमध्ये जागा नसे, म्हणून सगळे दाराबाहेर चटया टाकून बसत. शेंग अंगठ्याने दाबली की होणारा तो बारीकसा आवाज आणि कोवळ्या दाण्याची गोडी अजून आठवते. पहिली सोललेली मूठ मुलांची, असा आईचा नियम होता.

आता गोठवलेले मटार बारा महिने मिळतात आणि तेच मी घेतो. पण माझ्या मुलीला आठ वर्षांची होईपर्यंत शेंगेच्या आत दाणे एका ओळीत चिकटलेले असतात हे पाहायलाच मिळाले नव्हते. तिने ते पाहिले तेव्हा ती शेंग मिटून पुन्हा उघडून पाहत होती. येत्या जानेवारीत गोणी नाही, पण पाच किलो शेंगा नक्की आणणार आहे.

घणसोलीकर
मंगळवार, दुपारी

वाल जांभळी नाक्यावर पोहोचण्याआधी कुठून यायचे, त्याविषयी थोडे लिहितो, कारण आमच्या घरात ते विकत आणण्याची पद्धतच नव्हती.

आजोबा भातशेती करत. भात कापून झाले की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल पेरत. वेगळे पाणी द्यावे लागत नसे. ती ओल आणि हिवाळ्यातले पहाटेचे दव एवढ्यावर पीक उभे राही. शेंगा वाळल्या की झाडे उपटून खळ्यावर आणायची, काठीने झोडायची, दाणे पाखडायचे आणि राख चोळून मडक्यांत भरून ठेवायचे, म्हणजे पावसाळ्यात भुंगा लागत नसे. ती मडकी उघडायची ती श्रावणातच. आमच्याकडे एरवी ताटात मासळी असायची, पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असत आणि श्रावणही पाळला जाई. अशा वेळी घरात साठवलेला वाल हाच आधार. हिवाळ्यात पिकलेले धान्य भर पावसात मोड काढून खायचे, यामागे केवळ आवड नव्हती, वर्षाचे गणित होते.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेण्यात आली. त्यात आमचेही गाव आले. ज्या तुकड्यावर आजोबा वाल पेरत, तिथे आज सात मजली इमारत आहे आणि मी कामावर जाताना रोज तिच्यासमोरून जातो. याविषयी मनात कडवटपणा नाही असे म्हणता येणार नाही, पण आजचा विषय तो नाही.

आमच्याकडे सगळे घर एकत्र यायचे ते पोपटीला. मामाचे गाव पेण तालुक्यात आहे. जानेवारीत ओल्या वालाच्या शेंगा आल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा आणि जाडे मीठ यांचे थर द्यायचे, तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरायचा, मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ करायचा. पाणी एक थेंबही घालायचे नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मडके उलटले की भांबुर्ड्याचा जो वास अंगावर येतो, त्याचे वर्णन मला करता येणार नाही. नौपाडेकरांनी लिहिले तसे इथेही घडते. जाळाकडे पाहत बसलेली माणसे एकमेकांकडे न पाहता बोलतात. दोन सख्खे मामा सात वर्षांचा अबोला सोडून बोलले ते अशाच एका पोपटीला. एकाने दुसऱ्याला सांगितले, "त्या बाजूला काटक्या कमी पडल्यात," आणि दुसऱ्याने त्या सरकवल्या. आम्ही सगळ्यांनी ते ऐकले आणि कोणीही काही बोललो नाही.

तिन्हीसांज
मंगळवार, रात्री

नौपाडेकर, तुमचे लिखाण मनापासून आवडले. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमचे घर पाचपाखाडीत होते आणि माणसे अकरा. परात आमच्याकडेही मांडली जायची आणि गप्पाही रंगायच्या. पण सोमवारचा उपास माझ्या आईलाही असायचा. ती पहाटे साडेचारला उठलेली असायची. वाल भिजत घालणे, पाणी बदलणे, उपसणे, बांधणे, मोड आले का ते पाहणे हे सगळे तिचे. सोलून झाले की बाकीचे हात झटकून उठत, कोणी देवदर्शनाला जाई, कोणी वर्तमानपत्र उघडी. ती सालांचा ढीग भरायची, फरशी पुसायची, परात घासायची आणि ओट्याशी उभी राहायची. अकरा पाने वाढून झाल्यावर सर्वांत शेवटी तिचा उपास सुटायचा. परातीशी बसलेल्या सगळ्यांना ती दुपार आठवते. तिला परातीच्या आधीचे आणि नंतरचे आठवते.

आज मी तिला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "बसायला सगळे होते गं. उठायला मी एकटी."

मला कोणाच्या आठवणीवर पाणी ओतायचे नाही. त्या बैठकीत आनंद होता हे आईलाही मान्य आहे. आत्याबाईंनी स्थळ नाकारल्याचा भाग ऐकताना ती दोनदा हसली. पण सोललेल्या डाळिंब्या बाजारात मिळू लागल्या तेव्हा तिला काय वाटले असेल, याचाही विचार आपण करावा. ती पहिल्यांदा पाव किलो डाळिंब्या विकत घेऊन आली, त्या सोमवारी ती आमच्याबरोबर पंगतीला बसली होती. मी तेव्हा दहावीत होते.

नेरूळवासी
बुधवार, सकाळी

तिन्हीसांज यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि तरीही मला आमच्या कुरडया आठवतात. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. उन्हाळ्यात गव्हाचा चीक शिजवताना तो ढवळायला दोन माणसांचे बळ लागते, म्हणून ते काम बाबा आणि काका करत, आणि सोऱ्याने कुरडया घालायला आई-काकू. पुरुषांना बसणे भागच होते, हे त्या कामाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. गरम चीक वाटीत घेऊन तूप-साखर घालून खाणे हा आम्हा मुलांचा वाटा. नेरूळला आल्यावर गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीची परवानगी मिळाली नाही. आता खिडकीच्या जाळीत एक ताटभर घालतो. एका ताटाला दोघे पुरतात, आणि तेवढेच आम्ही दोघे आहोत.

कळवेकर
बुधवार, रात्री

मी इथे क्वचितच लिहितो. पण वाल आणि परात वाचून एक रात्र आठवली.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी नववीत होतो आणि बाबा अंधेरीला कामावर गेले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आम्ही नंतर वर्तमानपत्रात वाचले. त्या दिवशी एवढेच कळत होते, की दुपारनंतर गाड्या बंद झाल्या आहेत, वीज गेली आहे आणि फोन लागत नाही. अंधार पडला तरी बाबा आले नाहीत. शेजारचे काकाही कुर्ल्याहून आले नव्हते. काकू त्यांच्या दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे येऊन बसल्या.

आईने आदल्या दिवशी वाल बांधून ठेवलेले होते. आठ वाजता तिने मेणबत्ती लावली, ती उपड्या वाटीवर चिकटवली, परात मध्ये ठेवली आणि आम्हा सगळ्यांना बसवले. बाहेर पावसाचा आवाज इतका होता की बोलायचे तर ओरडावे लागत होते, म्हणून फारसे कोणी बोललेच नाही. मेणबत्तीच्या उजेडात साल कुठले आणि डाळिंबी कुठली हे दिसण्यापेक्षा हाताला कळत होते. बाबांचे नाव कोणी काढले नाही. सोलून संपले तेव्हा दहा वाजून गेले होते. आईने सालांचा ढीग पुन्हा परातीत ओतला आणि म्हणाली, "यात एखादा दाणा राहिलाय का बघा." आम्ही पाहिले, तीन सापडले. मग तिने तो ढीग आणखी एकदा पाहायला लावला. दोनदा का, असे मी चिडून विचारलेही. आज मला दोन मुले आहेत आणि ते का, हे मला नीट कळते.

काका पहाटे आले. बाबा दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रेल्वेच्या रुळांवरून चालत आले, कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. आईने त्यांना दारात पाहिले, एक शब्द बोलली नाही, आत गेली आणि गॅस पेटवला. डाळिंब्या तिने रात्री शिजवल्या नव्हत्या.

वाशीकर
बुधवार, रात्री

कळवेकर, वाचून बराच वेळ काही सुचले नाही. लिहीत राहा.

नौपाडेकर
गुरुवार, रात्री

तिन्हीसांज, तुमच्या आईंचे वाक्य मी माझ्या आईला वाचून दाखवले. मला वाटले होते ती म्हणेल, आमच्याकडे तसे नव्हते. ती म्हणाली, "मी वीस-बावीस वर्षे शनिवारी रात्री वाल भिजवले. एकदाही कोणी मला आठवण केली नाही. एकदा विसरले, तेव्हा मात्र सगळ्यांना आठवले."

मी सोमवारी लिहिलेले पुन्हा वाचून पाहिले. त्यात आई वाल भिजत घालते, उपसते, बांधते आणि झाकते हे मी स्वतःच एका वाक्यात लिहून पुढे गेलो आहे. त्या पडवीतल्या दुपारवरचा माझा जीव त्यामुळे कमी होत नाही, पण त्या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. या शनिवारी वाल मी भिजवणार आहे. भिजवण्यापासून परात घासण्यापर्यंत मी आणि मुलगा करू, आणि पत्नीने व आईने फक्त सोलायला बसावे, असे ठरले आहे.

कळवेकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

खारीगाव
शुक्रवार, सकाळी

आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो आणि घरात वडीलधारे कोणी नाही. हा धागा वाचून आमच्या पाच वर्षांच्या मुलासह वाल सोलायला बसावे असे फार वाटले. पण मी हे कधीच केलेले नाही. किती वाल घ्यायचे, किती वेळ भिजवायचे आणि पुढे शिजवायचे कसे, हे कोणी सविस्तर सांगेल का? सोमवारी जमणार नाही. रविवारी संध्याकाळी जमेल.

तिन्हीसांज
शुक्रवार, दुपारी

आईला विचारून लिहीत आहे. ती सांगते त्या क्रमाने देते.

तुम्हा तिघांना दीड वाटी कडवे वाल पुष्कळ होतात. रविवारी संध्याकाळी सोलायचे असतील तर शुक्रवारी रात्री, म्हणजे आजच, भरपूर कोमट पाण्यात भिजत घाला. मधे एकदा पाणी बदलले की कडवटपणा उतरतो. शनिवारी सकाळी उपसून सुती फडक्यात बांधा आणि झाकून उबेला ठेवा. पावसाळी हवेत मोड यायला दिवसभरापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, घाई करू नका. फडके वाळले तर पाण्याचा हबका मारा. सोलण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात घाला, म्हणजे साल आपण होऊन सुटू लागते आणि लहान मुलाच्या बोटांनाही जमते.

शिजवताना कुकर लावायचा नाही, डाळिंब्यांचा लगदा होतो. पातेल्यात तेलाची फोडणी करून जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता आणि हिरवी मिरची घाला, डाळिंब्या टाकून हलकेच परता आणि झाकणावर पाणी ठेवा. ते पाणी तापले की तेच थोडेथोडे आत घालत जा. उलथने फिरवू नका, पातेले दोन्ही बाजूंनी धरून हलवा. डाळिंबी बोटाने दाबली की मऊ लागली पाहिजे. त्यानंतरच मीठ, आमसूल, गूळ आणि गोडा मसाला. आमसूल आधी घातले तर डाळिंबी आखडते आणि कितीही वेळ ठेवा, शिजत नाही. शेवटी ओले खोबरे आणि कोथिंबीर. श्रावण पाळत असाल तर कांदा-लसूण नको. एरवी कांदा घातला तर आई रागावणार नाही.

आणि तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे, की मुलाने फोडलेल्या डाळिंब्या वेगळ्या काढू नका. त्या आमटीला दाटपणा देतात.

खारीगाव
रविवार, रात्री

आजींना सांगा, जमले. मोड थोडे आखूड आले, पण आले. मुलाने बहुधा तीसएक दाणे सोलले आणि प्रत्येक दाणा आम्हाला दाखवला. त्याला शाळेत एक मुलगा रोज चिडवतो, हे त्याने आज अकराव्या की बाराव्या दाण्याला सांगितले. गेल्या महिन्यात आम्ही त्याला समोर बसवून दोनदा विचारले होते, तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. उद्या मी त्याच्या बाईंना भेटणार आहे.

नौपाडेकर
श्रावणातला दुसरा सोमवार, रात्री

शनिवारी रात्री साडेदहाला मी वाल भिजवले. रविवारी सकाळी बांधलेले गाठोडे नको तितके घट्ट झाले होते, ते आईने पाहिले आणि हात न लावता मला सोडून पुन्हा बांधायला लावले. आज तिला खुर्चीवर बसवले आणि परात स्टुलावर ठेवली, म्हणजे गुडघे दुमडावे लागणार नाहीत. ओट्याशी मुलगा आणि मी होतो. ती दोनदा उठलीच, एकदा मीठ पाहायला आणि एकदा नुसतीच.

सोमवार सोडताना पहिले पान तिचे आणि पत्नीचे वाढले. आमसूल मी योग्य वेळी घातले. आई जेवताना म्हणाली की गूळ किंचित जास्त झाला आहे, आणि पुन्हा वाढून घेतले. परात मुलाने घासली. पुढच्या सोमवारी सोलायला बसण्याआधी तो तिला तलावपाळीवर घेऊन जाणार आहे. ती कुठे बसायची ती जागा त्याला पाहायची आहे.

तिन्हीसांज, तुमच्या आईंना एक विचारायचे होते. न भिजलेले सात कुचर दाणे वाटीत राहिले आहेत. माझ्या आईला ते टाकवत नाहीत. त्यांचे काय करतात?

तिन्हीसांज
मंगळवार, सकाळी

आई म्हणते, आणखी एक रात्र कोमट पाण्यात ठेवून पाहा. तरीही भिजले नाहीत तर खिडकीतल्या कुंडीत बोटभर खोल टोचा. त्यांना वेळ लागतो, पण पावसात बहुतेक उगवतात.